भरवसा आणि गाऱ्हाणं

आमच्या मंडळ्यांमध्ये साक्ष नेहमी संपलेल्या संकटाची असते. ऑपरेशन पार पडलेलं असतं, मुलाला नोकरी लागलेली असते, कर्ज फिटलेलं असतं. मग माणूस उभा राहतो आणि प्रभूनं कसं तारलं ते सांगतो. लोक 'हालेलूया' म्हणतात, पाळकसाहेब पुढच्या गीताचा नंबर सांगतात. ज्याचं संकट अजून चालूच आहे तो मागच्या बाकावर बसून असतो. त्यानं उभं राहायचं ते सगळं निस्तरल्यावर.

सोलापूरच्या नवी पेठेत अशी मागच्या बाकावरची माणसं पुष्कळ आहेत. ही शहराची भर बाजारपेठ. इथं गल्ल्यावर बसणारे वेगळे आणि काउंटरमागे दिवसभर उभं राहून घड्या उलगडणारे, पुन्हा घालणारे वेगळे. माझ्या ओळखीचे बहुतेक ख्रिस्ती लोक दुसऱ्या प्रकारातले. रात्री शटर पडली की त्यांतले काहीजण कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमतात. जिन्यात चपलांचा ढीग, आत दोन सतरंज्या, एक ढोलकी, 'उपासना संगीता'च्या पानं सुटलेल्या प्रती. अशाच एका बैठकीत एक बाई बसल्या होत्या. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्याला दोनदा डायलिसिस. योजनेचं कार्ड चालतं, पण रिक्षाचं भाडं आणि बुडालेला रोज कुठल्याही योजनेत बसत नाही. बैठकीतल्या वडीलधाऱ्यांनी कनवाळूपणानं म्हटलं, ''परीक्षा पाहतोय देव, ताई. विश्वास ढळू देऊ नका.'' बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उत्तर दिलं, ''परीक्षा म्हणताव, तर पेपर कधी सुटायचा ते तरी इचारू द्या की त्याला.''

कुणी हसलं नाही. कुणीतरी गीत धरलं. गीत सुरू झालं की प्रश्न मिटतो असा आमचा जुना समज आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की त्या खोलीत देवावर भरवसा कुणाचा होता असं विचारलं तर तो त्या बाईंचा होता. वडीलधाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण त्यांच्या बोलण्यात देवाला काही विचारायची सोयच नव्हती. ज्याला विचारता येत नाही त्याच्यावर भरवसा कसला ठेवायचा? त्याच्यापुढे फार तर मान तुकवता येते.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं बंड नाही, पवित्र शास्त्रातच आहे. ईयोबाचं पुस्तक आपण 'सोशिक ईयोब' म्हणून सांगतो. खरं तर पहिले दोन अध्याय सोडले तर ईयोब सोशिक नाही. तो देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. सोशिकपणाची, पापाच्या फळाची, शिस्त लावणाऱ्या देवाची शहाणी भाषणं करतात ते अलीफज, बिल्दद आणि सोफर. आणि शेवटी देव ज्यांच्यावर रागावतो ते हे तिघे मित्र. माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, असा निकाल देव स्वतः देतो. दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास स्तोत्रं तक्रारीची आहेत. त्यांतल्या बहुतेकांना शेवटी स्तुतीचं वळण मिळतं, पण अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राला तेही नाही. ते अंधारातच संपतं. कुणा संपादकानं त्याला दोन आशेच्या ओळी जोडल्या नाहीत, हे मला शास्त्राच्या प्रामाणिकपणाचं मोठं लक्षण वाटतं. माझ्या ऐकण्यात त्यावर प्रवचन झाल्याचं मात्र आठवत नाही.

'परीक्षा' म्हटल्यानं दुसरंही एक नुकसान होतं. संकट कुणी आणलं हा प्रश्नच पुसला जातो. सोलापूर जिल्ह्याइतका हा प्रश्न दुसरीकडे क्वचितच टोकदार असेल, कारण इथलं पहिलं संकट म्हणजे पाऊस. 1876 ते 78 च्या दुष्काळानं मुंबई इलाख्याच्या दख्खनी जिल्ह्यांना झोडपलं, त्यांत सोलापूर होतंच. अमेरिकन मराठी मिशन सोलापुरात येऊन तेव्हा जेमतेम दीड दशक झालं होतं. पाऊस पडला नाही हे आभाळाचं. पण त्याच काळात देशातून धान्य बाहेर जात राहिलं, आणि सरकारनं दुष्काळाच्या पाहणीसाठी धाडलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचा रोज एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतका खाली आणला, हे आभाळाचं नव्हे. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी ती मजुरी नाकारून कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं सरकारकडे अर्जावर अर्ज धाडले. त्या मजुरांना कुणी 'देवाची परीक्षा आहे' असं सांगितलं असतं, तर त्यात देवाचा गौरव किती आणि टेंपलसाहेबांची सोय किती?

त्या दशकातल्या दुष्काळानं मद्रास इलाख्यात एक मराठी कुटुंबही खाल्लं. अनंतशास्त्री डोंगरे, त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि मोठी मुलगी कृष्णाबाई एकामागून एक गेले. मागे उरले श्रीनिवास आणि रमा. पुढे पंडिता रमाबाई म्हणून जग ज्यांना ओळखू लागलं त्या या रमानं 1907 साली आपली साक्ष लिहिली. त्यात ती भुकेची हकीकत आहे. मराठी ख्रिस्ती माणसानं ती सावकाश वाचावी, कारण ती आपल्या सोयीची नाही.

शास्त्रीबुवांचं कुटुंब अश्रद्ध नव्हतं. ते क्षेत्राक्षेत्रांतून पुराणं सांगत फिरायचं. दुष्काळ आल्यावर त्यांनी उपास वाढवले, अनुष्ठानं केली, हाती होतं ते दानधर्मात घातलं, पवित्र तळ्यांत स्नानं केली आणि देव पावेल म्हणून वाट पाहिली. पैसे संपले, भांडी गेली, मग पाला आणि रानातली फळं. अखेर म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी जलसमाधीचा विचार केला. तेव्हा मुलगा म्हणाला, मी जातीचा अभिमान सोडून काम करतो आणि तुम्हाला पोसतो. फार उशीर झाला होता. वडील लवकरच गेले.

प्रवचनांत या हकीकतीचा शेवट ठरलेला असतो: ते खोट्या देवांवर विसंबले म्हणून उपाशी मेले, रमाबाईंना खरा देव सापडला म्हणून त्यांच्या केडगावच्या आश्रमात हजारोंना अन्न मिळालं. रमाबाईंचा स्वतःचा कलही तिकडेच आहे, हे कबूल केलं पाहिजे. तरी मला हा युक्तिवाद टिकाऊ वाटत नाही. 1900 सालच्या दुष्काळात ख्रिस्ती अनाथाश्रमांत आणलेली मुलंही मेली. उपासमारीनं खंगलेल्या देहांना पटकीनं आणि देवीनं गाठलं. त्यांच्यासाठी प्रार्थना झाल्या नसतील का? अन्न मिळालं हा खऱ्या देवाचा पुरावा ठरवला, तर अन्न न मिळालेल्या प्रत्येक ख्रिस्ती घरासमोर आपल्याला खाली मान घालून उभं राहावं लागेल. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासवीरांची लांब यादी आहे. तिच्या पहिल्या भागातले सिंहांच्या तोंडातून वाचतात, दुसऱ्या भागातले करवतीनं चिरले जातात, आणि लेखक दोघांना एकाच यादीत ठेवतो. आम्ही ती यादी अर्ध्यात मिटतो.

मग रमाबाईंच्या आयुष्यात बदललं काय? वडिलांचा भरवसा वाट पाहण्याचा होता. मुलगा 'मी काम करतो' म्हणाला त्या दिवशी घरात दुसऱ्या तऱ्हेचा भरवसा जन्मला, असं मी समजतो, आणि तो भरवसा ख्रिस्तीही नव्हता. सोलापूरहून पुण्याला जाणारी गाडी दौंडनंतर केडगाववरून जाते. तिथं रमाबाईंनी जे उभं केलं त्यात प्रार्थना रात्रंदिवस होती, पण विहिरी, शेत, हातमाग आणि छापखानाही होता. 1896 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. 1900 च्या सुमारास केडगावात दोन हजारांच्या आसपास माणसं होती. आपल्या गरजा देवच पुरवतो असं त्या म्हणत आणि ते मनापासून म्हणत. पण देणगीचा हिशेबही त्या ठेवत. बोस्टनमध्ये 1887 साली त्यांच्या कामासाठी स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन वर्षावर्षाला अहवाल छापत असे. देवानं पुरवलं याचा अर्थ समुद्रापलीकडच्या शेकडो घरांनी आपल्या खर्चातून काढून दिलं असा होता. यानं देवाचं देणं कमी होतं असं मला वाटत नाही.

आणि त्या गप्प बसल्या नाहीत. 1897 च्या प्लेगात पुण्याच्या प्लेग रुग्णालयात आपल्या आश्रमातल्या मुलीला मिळालेल्या वागणुकीबद्दल त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिलं. सरकार ख्रिस्ती, पत्र लिहिणारी ख्रिस्ती. गव्हर्नरनं आरोप झटकले. 'प्रभूच्या हाती सोपवू या, राज्यकर्त्यांना कशाला दुखवायचं' असं सांगणारी माणसं तेव्हाही असतीलच. रमाबाईंनी प्रभूच्या हाती सोपवलं आणि पत्रही टाकलं.

इथं एक शंका हमखास येते, आणि ती पोकळ नाही. अरण्यात इस्राएल लोकांनी कुरकुर केली म्हणून देव कोपला ना? मग तुमचं गाऱ्हाणं आणि त्यांची कुरकुर यांत फरक कोणता? मला दिसतो तो असा. कुरकुर तंबूत बसून, आपसांत, पाठीमागे होते, आणि तिचा सूर 'मिसरातच बरं होतं' असा, परत फिरण्याचा असतो. गाऱ्हाणं ज्याचं त्याच्या तोंडावर मांडलं जातं आणि मांडणारा दारातून हलत नाही. स्वतः मोशेनं देवाशी किती वाद घातले! गेथशेमाने बागेत येशूनं हा प्याला टळावा अशी विनंती केली, एकदा नाही, पुन्हापुन्हा. वधस्तंभावर त्यानं जी आरोळी मारली ती तर एका गाऱ्हाण्याच्या स्तोत्रातली पहिलीच ओळ आहे. त्या आरोळीला शुभवर्तमानकारांनी अविश्वास म्हटलेलं नाही. तिथं परीक्षेचा दाखला देणारं कुणी जवळ नव्हतं, हे एका अर्थी बरंच झालं.

खरं तर मराठी माणसाला हे शिकवावं लागू नये. देवाशी भांडायची आपली परंपरा जुनी आहे. 1630 च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं, दुकान बुडालं. त्यानंतरच्या अभंगांत विठ्ठलाला दिलेल्या शिव्याही आहेत, आणि त्या भक्तीतच मोडतात याबद्दल वारकऱ्यांना कधी शंका वाटली नाही. त्याच तुकोबांनी वाट्याची सावकारीची कागदपत्रं इंद्रायणीत सोडली अशी परंपरा आहे. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक स्वतः म्हणत, की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून. पण त्या पुलावरून येताना आम्ही गठुडं पलीकडेच ठेवून आलो की काय अशी मला शंका येते. मिशनऱ्यांच्या दिवाणखान्यातला मृदू स्वर आम्ही उचलला, आणि देवापुढे आवाज चढवणं असभ्य ठरवलं. गोऱ्या पाद्र्यांवर सगळा दोष टाकणं सोपं आहे. पण त्यांना जाऊन कित्येक दशकं लोटली, आणि हा सभ्यपणा आम्ही आपखुशीनं जपला आहे.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो जपला नाही. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई नवऱ्यापासून तुटल्या, लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन नातलगांच्या आधारानं राहिल्या, त्यांतला काही काळ आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही नवऱ्यामागून फरफटत नव्हे. आधी त्या परत आल्या, सोवळंओवळं सांभाळतच राहिल्या, आणि एकेक गोष्ट स्वतःला पटेल तशी सोडत गेल्या. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना लक्षात येतं, की या बाईला दुःख लपवावंसं वाटत नाही आणि त्याचं प्रवचनही करावंसं वाटत नाही. ती नवऱ्याच्या विश्वासाचीही थट्टा करते. घरात दमडी नसताना टिळक कुणाला तरी सगळं देऊन येतात आणि देव बघेल म्हणतात, तेव्हा बघावं लागतं ते लक्ष्मीबाईंना. विश्वास एकानं ठेवायचा आणि त्याची किंमत दुसऱ्यानं मोजायची, हे किती ख्रिस्ती घरांत घडतं! त्यातही दुसरी व्यक्ती बहुधा बाईच. टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं काव्य 'ख्रिस्तायन' त्याच बाईनं पुरं केलं.

हल्ली 'परीक्षा' म्हणणाऱ्यांच्या जोडीला दुसरं टोक आलं आहे. मोठा मंडप, मोठे स्पीकर. विश्वास ठेवा, बियाणं म्हणून अर्पण द्या, शंभरपट मिळेल. नाहीच मिळालं, तर तुमचा विश्वास कमी पडला. याबद्दल फार लिहायला नको. एवढं मात्र म्हणतो, की ही दोन टोकं वाटतात तितकी लांब नाहीत. एक म्हणतं गप्प राहा, दुसरं म्हणतं जोरात घोष करा. पण 'हे माझ्याच वाट्याला का' हा प्रश्न दोघांनाही नको आहे. आणि दोन्हीकडे दोष शेवटी रडणाऱ्याच्याच माथी येतो.

आता ज्या संकटात देवाचा हात शोधायची गरजच नाही, त्याकडे येतो. सोलापूर, नगर, मराठवाडा इथल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत बहुसंख्य घरं पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजातली आहेत. 'दुष्काळी ख्रिस्ती', भाकरीसाठी बाटलेले, हा टोमणा त्यांनी पिढ्यानपिढ्या ऐकला. मला तो टोमणा विचित्र वाटतो. भरल्या पोटी केलेली निवड तेवढी अस्सल आणि भुकेल्यानं केलेली नकली, हे कुणी ठरवलं? जिथं हाक मारली तिथं कुणीतरी भाकरी घेऊन आलं, म्हणून तिथला देव खरा मानला, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटावी अशी गोष्ट दुसरीच आहे: सोयरीक जुळवताना मंडळीतही जुनी जात अजून विचारली जाते.

देशानं त्यावर आपली भर घातली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांना ओबीसीत जागा आहे, पण राखीव मतदारसंघ नाही आणि अत्याचारप्रतिबंधक कायद्याचं संरक्षण नाही. 2004 पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. रंगनाथ मिश्र आयोगानं 2007 मध्ये धर्माची अट काढा असं सांगितलं. 2022 च्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला. म्हणून कितीतरी घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी दोन नावांची कसरत चालते. नवी पेठेत काउंटरमागे उभ्या असलेल्या पदवीधर पोराला या बाबतीत 'प्रभूवर भरवसा ठेव' एवढंच सांगणं ही मला निव्वळ पळवाट वाटते. हा परिच्छेद देवानं लिहिलेला नाही. तो माणसांनी लिहिला आणि माणसांना बदलता येईल.

आमच्या आजीची पिढी या बाबतीत आमच्यापेक्षा सरळ होती. बहात्तरच्या दुष्काळात आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तांबड्या मिलोची भाकरी, पोरांना सुकडी. तळहाताला पडलेले घट्टे तिनं शेवटपर्यंत दाखवले, कौतुकानंही आणि रागानंही. पाऊस ती देवाकडे मागायची आणि काम सरकारकडे, आणि दोन्ही ठिकाणी सारख्याच ठणकावून. अशा लाखो बायाबापड्यांच्या मागणीतून रोजगार हमीला जोर आला आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. आजीला कायद्याचं नाव माहीत नव्हतं. हजेरीपटावर आपलं नाव लागलं का, हे मात्र ती मुकादमाला रोज विचारायची.

याचा अर्थ भरवसा म्हणजे चळवळच, असा कुणी काढू नये. डायलिसिसच्या खाटेवरच्या माणसाला मोर्चानं बरं वाटणार नाही. काही संकटांना आरोपी नसतो आणि उपायही नसतो. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, केडगावचा सगळा भार जिच्यावर सोपवायचा तीच, 24 जुलै 1921 ला गेली. रमाबाई स्वतः 5 एप्रिल 1922 ला गेल्या. मधल्या महिन्यांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून चालवलेलं बायबलचं भाषांतर सोडलं नाही. देवानं मनोरमाला का नेलं याचं उत्तर त्यांना मिळालं असं कुठं दिसत नाही. उत्तराविना त्या कामाला बसत राहिल्या. याला मी भरवसा म्हणतो. पण तो दुसऱ्याला शिकवायचा धडा म्हणून वापरायला माझी जीभ रेटत नाही. ज्याचं जळतं त्यानंच तो शब्द उच्चारावा. बाहेरच्यानं फक्त जवळ बसावं, आणि जमलं तर रिक्षाचं भाडं द्यावं.

म्हणून पाळकांना आणि पंचांना एक साधी सूचना करावीशी वाटते. रविवारी साक्षीच्या वेळेत न संपलेल्या संकटाची साक्षही ऐकून घ्या. माणसानं उभं राहावं, अजून काही सुटलेलं नाही म्हणावं, देवाला जे विचारायचं ते मंडळीदेखत विचारावं आणि खाली बसावं. लगेच गीत धरू नये. वर्षातून एखादा रविवार अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राला द्यावा आणि तो आशीर्वादाच्या आधी घाईनं गोड करू नये. आणि त्या आठवड्याच्या अर्पणाचा काही भाग, जो उभा राहिला त्याच्या घरी पोहोचवावा. चिठ्ठीवर नाव न घालता. यावर मंडळीत वाद होतील. 'नवीन आलेल्यांवर काय परिणाम होईल' असं कुणीतरी नक्की विचारेल. माझा अंदाज असा, की नवीन आलेल्यांतले निम्मे तरी तसलाच प्रश्न घेऊन आलेले असतात आणि पहिल्या गीतालाच ओळखतात, की इथं तो विचारता येणार नाही.